आमच्या न कळणाऱ्या फिल्मा

आर्ट कॉलेजच्या वर्षांत आमची हार्डडिस्क दोनदा उडाली. एकदा गाडीच्या डिकीतून पडली, एकदा स्वतःहून गेली. त्यात निम्म्या फिल्मा गेल्या. पण त्या फिल्मा करताना लोकांनी आम्हाला जे जे ऐकवलं, त्यातला एक शब्द डिलीट झालेला नाही. ते साठतच गेलंय. चहाला बसलं की एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं आणि तिसऱ्यानं नव्यानं पेटायचं. पेटणारी बहुतेक वेळा मीच!

मी गिरिजा. मूळची नेसरीची, शिकायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन राहिलेली. विन्या माझ्या वर्गातला, बोलायला सगळ्यात पुढं. इरफान उचगावचा, त्याचे वडील फौंड्रीत कामाला. तो बोलतो कमी, शूट जास्त करतो. तिघांना खूळ एकच, एक्सपेरिमेंटल शॉर्ट फिल्म आणि फोटोग्राफी. म्हणजे ज्यात गाणं नाही, मारामारी नाही, शेवटी संदेश नाही. एखाद्या गोष्टीकडं नुसतं नीट बघायचं. एवढंच तर करत होतो! पण नीट बघत उभ्या राहिलेल्या माणसाचा लोकांना केवढा संशय येतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं.

*

सुरुवात माझ्या घरमालकीणबाईंपासून झाली. त्यांना मी काकू म्हणायची.

गच्चीत काकूंची साडी वाळत होती आणि तिची सावली समोरच्या भिंतीवर हलत होती. वारा आला की सावली फुगायची, गेला की पडायची. मी ट्रायपॉड लावला आणि बसले. पाऊण तास.

काकू वर आल्या. "काय कराय लागलीस?"

"फोटो काढालीय काकू."

"कशाचा?"

"सावलीचा."

काकूंनी सावलीकडं बघितलं, साडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि खाली गेल्या. मला वाटलं, समजलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माझे वडील! नेसरीहून पहिली एसटी धरून आलेले. चेहरा उतरलेला. काकूंनी फोन केला होता, "पोरीचं कायतरी बिनसलंय. वाळत घातलेल्या कपड्यांकडं तासन्‌तास बघत बसती."

मला असा राग आला! परीक्षेचं काम होतं ते! मी वडिलांना आणि काकूंना समोर बसवलं, कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. प्रकाश म्हणजे काय, हालचाल म्हणजे काय, सगळं तासभर समजावलं. वडील मान हलवत राहिले. काकू मात्र मन लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला.

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाय काय? ती साडी खाली फाटल्याली हाय गं! थांब, पैठणी वाळत घालते!"

*

रंकाळ्यावर पाण्याच्या लाटा शूट करायच्या होत्या. एकच शॉट, दहा मिनिटांचा. संध्याकाळचा उजेड पाण्यावरून सरकत जातो तेवढाच. आम्ही ट्रायपॉड उघडला आणि शिट्टी वाजली. सिक्युरिटीवाला पळत आला.

"परमिशन हाय काय?"

"दादा, कॉलेजचं काम हाय. नुसतं पाणी घ्यायचंय."

"परमिशन लागती. बंद करा!"

आमच्यापासून वीस पावलांवर एक जोडपं प्री-वेडिंग शूट करत होतं. नवरीचा लाल झगा पायऱ्यांवर लांबच लांब पसरलेला. दोन माणसं तो झगा उडवायला, एक माणूस गुलाबी धूर सोडायला, डोक्यावर ड्रोन घुंई घुंई करत फिरतोय. फिरायला आलेली म्हातारी माणसं धुरानं खोकायला लागलेली!

विन्यानं तिकडं हात केला. "मग त्यांना कशी परमिशन?"

"त्यांचं लग्न हाय."

"म्हणून?"

"म्हणून म्हणजे? तुमचं लग्न हाय काय?"

"न्हाय."

"मग शूटिंग बी न्हाय!"

मी म्हटलं, "अहो दादा, पाण्याचे फोटो काढायला लग्न कशाला लागतंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, विन्याकडं बघितलं, इरफानकडं बघितलं आणि आवाज जरा मऊ करून म्हणाला, "ह्यातला कुठला ते ठरवा आधी. मग या."

*

तालमीचा किस्सा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

मला पैलवानाच्या श्वासावर फिल्म करायची होती. जोर-बैठका मारून झाल्यावर पैलवान तांबड्या मातीत नुसता उभा राहील, अंग अजिबात हलवणार नाही, फक्त छाती वरखाली होत राहील. महिनाभर मी त्या फिल्मची चित्रं काढत होते. पेठेतल्याच एका तालमीच्या वस्तादांना विचारलं, तर ते "या की!" म्हणाले. ठरल्या वेळी आम्ही गेलो. विन्या आत गेला, इरफान आत गेला, आणि माझ्यासमोर हात आडवा झाला.

"बायकांनी आत यायचं न्हाय."

"वस्ताद, फिल्म माझी हाय."

"असू दे की! फिल्म आत, तुम्ही भाईर."

पुष्कळ वाद घातला. उपयोग झाला नाही. शेवटी समोरच्या पंक्चरच्या दुकानापाशी, टायरांच्या ढिगाजवळ उभी राहून मी इरफानला फोन लावला. तो आत स्पीकरवर ठेवणार, मी बाहेरून सांगणार, असं ठरलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस बघतोय, आणि मी ओरडतेय, "हलू नको म्हणावं! खांदा सैल सोड म्हणावं!"

पण इरफानचा आवाज एवढा बारीक की पैलवानांना ऐकूच जाईना. दोन-तीनदा घोळ झाल्यावर फोनवर अचानक वस्तादांचा आवाज आला.

"बाई, तुमी मला सांगा. मी करून घेतो."

आणि खरंच करून घेतलं! मी बाहेरून हळू सांगायची आणि आत गर्जना व्हायची. "पापणी हलली म्हणत्यात बाई! परत!" "पोट आत ओढू नगंस, बाई बघाय लागल्यात!" मला तर काहीच दिसत नव्हतं! पण पोरं अशी उभी राहिली की शॉट बघून माझ्या अंगावर काटा आला. जाताना वस्ताद दारापर्यंत आले. "शिस्त चांगली हाय तुमची," म्हणाले. "पण आत यायचं न्हाय."

हे मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण पुढं कॉलेजमध्ये फिल्म दाखवली. आमचे एक सर होते, त्यांना आमचं काहीच आवडायचं नाही. "ह्यात स्टोरी कुठाय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ही मात्र त्यांना आवडली.

"डिरेक्शन कुणाचं?"

"माझं, सर."

"तू तालमीत होतीस?"

"नाही सर, आत घेतलं नाही. बाहेरून सांगत होते."

"मग तुझं कसं? डिरेक्शन इरफाननं केलं म्हण की!" आणि कागदावर इरफानचं नाव लिहायला लागले.

मी काही बोलायच्या आत इरफान उठला. हा मुलगा वर्गात स्वतःहून कधी तोंड उघडत नाही.

"सर, मग वस्तादांचं नाव घाला. मी नुसता फोन धरला हुता."

*

इरफानचाच अजून एक.

आम्ही पिनहोल कॅमेरा केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्यायचा, आतून काळा करायचा, सुईनं बारीक भोक पाडायचं आणि आत फोटोचा कागद लावायचा. डबा एका जागी सहा-सात तास ठेवला की कागदावर चित्र उमटतं. उचगावच्या रस्त्याला एका बंद शेडच्या भिंतीवर आम्ही सकाळी तो डबा ठेवला आणि दुपारी आणायला गेलो.

तिथं ही गर्दी! काळी चिकटपट्टी गुंडाळलेला डबा बघून कुणीतरी बॉम्ब म्हणालं होतं. पोलीस आले होते. आम्ही पळत गेलो. "साहेब, तो आमचा कॅमेरा हाय!"

"कॅमेरा? लेन्स कुठाय?"

"भोक हाय."

हवालदारांनी वही काढली. "नावं सांगा."

विन्यानं नाव सांगितलं. मी सांगितलं. मग इरफाननं सांगितलं. हवालदारांची मान वर आली. त्यानंतर आम्ही दोघं जणू तिथं नव्हतोच. राहतोस कुठं? बाप काय करतो? मोबाईल दाखव. ह्यात कुणाकुणाचे नंबर आहेत? गर्दीतल्या लोकांनीही मोबाईल काढून त्याचेच फोटो घ्यायला सुरुवात केली. इरफान प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब, नाही साहेब" म्हणत होता. त्याचं गाव ते! गर्दीतले निम्मे चेहरे त्याच्या ओळखीचे, आणि एकही जण पुढं येईना.

विन्याला राहवलं नाही. तो मध्ये घुसून ओरडला, "साहेब, डबा माझा हाय! भोक मी पाडलंय! त्यातली बिस्किटं बी मी खाल्लीत! मला विचारा की कायतरी!"

त्याला कुणी काही विचारलं नाही. हवालदारांनी सरळ डबा उघडला. आम्ही तिघं एकदम "नको!" म्हणून ओरडलो, तसे ते दोन पावलं मागं उडाले. मग आत डोकावून बघितलं.

"ह्यात तर नुसता पांढरा कागद हाय!"

"साहेब, तो आता काळा झाला," इरफान म्हणाला.

"पांढरा दिसतोय की लेका!"

"केमिकलमध्ये घातल्यावर काळा होणार. तुम्ही उजेड लावला त्याला."

त्यांनी आम्हाला सोडलं. इरफाननं त्याच दिवशी तो कागद डेव्हलप केला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळाकुट्ट. वार्षिक प्रदर्शनात त्यानं तो फ्रेम करून लावला. लोक थांबायचे, वाकून बघायचे, काही दिसतं का शोधायचे. खाली त्यानं नाव लिहिलं होतं: पंचनामा.

*

चुलत बहिणीच्या लग्नात काकांनी फर्मान काढलं, "घरात फोटोग्राफर असताना भाईरचा कशाला?"

मी म्हटलं, "काका, मी लग्नाचे फोटो काढत नाही."

"मग शिकतीस कशाला?"

सगळे मागं लागले म्हणून काढले. माझ्या पद्धतीनं काढले. मांडवाबाहेर पडलेल्या चपलांची रांग. नवरीच्या मेंदीच्या हातात घट्ट धरलेला मोबाईल. सगळे जेवत असताना भिंतीला टेकून एकटीच बसलेली नवरीची आई. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. मला अजूनही वाटतं, तेवढे चांगले फोटो मी परत काढले नाहीत.

अल्बम उघडून नवरीच्या आई, म्हणजे माझ्या सख्ख्या काकू, एकेक पान उलटत गेल्या. "हार घालतानाचा कुठाय? रुखवताचं साहित्य मांडल्याला कुठाय? ह्या कुणाच्या गं चपला?" शेवटचं पान मिटून म्हणाल्या, "गिरजे, पोरीचं लग्न लावलं का दहावं घातलं?"

पंधरा दिवसांनी त्या दोघांना परत नटवलं, मुंडावळ्या बांधल्या, स्टुडिओत नेलं आणि परत एकमेकांना हार घालायला लावले. लग्न लावणारे स्वामी सोडले तर सगळे आलते!

*

इरफानचे वडील फौंड्रीत तीस वर्षं काम करतायत. तिथल्या आवाजानं त्यांचे कान गेले. बोललेलं ते ओठांवरनं ओळखतात. इरफाननं त्यांच्यावर फिल्म केली. कामाला जाणं, भट्टीपुढं उभं राहणं, परत येणं, हात धुणं. सात मिनिटं, आणि त्यात आवाज अजिबात नाही. त्यांना जग जसं ऐकू येतं तसंच.

एका मंडळाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत ती निवडली गेली. इरफान वडिलांना घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्यांदाच अशा हॉलमध्ये बसले होते. फिल्म सुरू झाली. भट्टी दिसली, वडिलांची पाठ दिसली. हॉल शांत. आणि एकदम ढोल-ताशा सुरू! मग सनई! मग कसलीतरी घोड्यांच्या टापांची धून!

मी मशीनच्या खोलीकडं पळाले. ऑपरेटर घाम पुसत बसलेला. "ताई, काळजी करू नका. तुमचा साउंड गेलता, मी माझ्याकडचा सोडला!"

"अहो, त्यात साउंड नाहीच आहे!"

"तेच म्हणालोय की! लोक ओरडाय लागतील म्हणून लगेच लावला."

तोवर फिल्म संपली होती. लाइट लागले. इरफान खाली मान घालून बसलेला. त्याच्या वडिलांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चांगली केलीस," ते म्हणाले. "लई शांत हाय."

त्या अख्ख्या हॉलमध्ये खरी फिल्म त्यांनी एकट्यानं बघितली.

मग बक्षिसं जाहीर झाली. आमच्या फिल्मला मिळालं, उत्कृष्ट पार्श्वसंगीत! मी जागेवरून उठून ओरडले, "आमच्या फिल्मला संगीतच नाही! ते तुमच्या ऑपरेटरनं लावलंय!"

परीक्षकांनी माईक हातात घेतला. "बघा," ते म्हणाले, "एवढं यश मिळूनसुद्धा श्रेय दुसऱ्याला देतायत. ही खरी कलाकाराची नम्रता!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

*

माझ्या आईची धाकटी बहीण नेसरीलाच असते. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, म्हणून तिला मावशी न म्हणता आम्ही चिक्कव्वा म्हणतो. तिचा नवरा फार लवकर गेला. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून ती एकटी म्हशी सांभाळते, दूध घालते, कुणाकडं काही मागत नाही. सकाळी अंघोळ झाली की कपाळावर भस्माची तीन बोटं ओढते आणि कामाला लागते.

तिनं फोटोला बसावं म्हणून मी दोन वर्षं मागं लागले होते. शेवटी एकदा धारा काढून आल्यावर उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "काढ बघू एकदाचा." कपाळावर भस्म, हाताला दुधाचा वास, डोळे सरळ कॅमेऱ्यात. तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे, हे सगळेच म्हणतात. तिला विचारून मी तो इंटरनेटवर टाकला.

काही महिन्यांनी विन्याचा मेसेज आला. तो गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर होता. त्यानं एका फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. डाव्या बाजूला हात जोडलेले एक साहेब आणि उजव्या बाजूला चिक्कव्वा. खाली, 'माता-भगिनींचा आधार'. मी मोठं करून बघितलं. तिच्या कपाळावरचं भस्म गायब होतं. त्या जागी रुपयाएवढं लालभडक कुंकू. गळ्यात मंगळसूत्र.

मी तशीच उठले आणि एसटीत बसले. वाटभर मनात भांडत होते. फ्लेक्सवाल्याचं दुकान स्टँडच्या समोरच निघालं.

"हा फोटो कुठनं घेतला?"

"नेटवरनं. नेटवरचं सगळ्यांचंच असतंय की ताई."

"आणि कपाळाचं काय केलंय?"

"पांढरा डाग होता, साफ केला. मग कपाळ भुंडं दिसाय लागलं म्हणून कुंकू लावलं. बरं दिसतंय न्हवं?"

"डाग न्हाय तो, भस्म हाय! तिचा नवरा वारलाय! माझी मावशी हाय ती!" मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलं ताई. आत्ता काढतो." तो स्वतः शिडी घेऊन निघाला, वर चढला, खिशातून कटर काढला. पहिली दोरी तुटली तेवढ्यात नेसरीची गाडी आली आणि त्यातून चिक्कव्वा उतरली. गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं.

मी धावत गेले. "तू कशाला आलीस? मी बघते ह्यांच्याकडं. माफी लिहून घेते!"

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत ती फ्लेक्सच्या खाली जाऊन उभी राहिली आणि वर बघायला लागली.

"थांबा वाईच," ती शिडीवरच्या माणसाला म्हणाली.

तो थांबला. ती बघत राहिली. गाडीची वाट बघणारे लोक एकदा वर बघत होते, एकदा तिच्याकडं.  एक गाडी सुटली, दुसरी आली, तरी ती हलेना.

"गिरजे," ती म्हणाली, "माझ्या लग्नात फोटो काढला न्हवता. फोटोवाला सांगितलता, त्यो आलाच न्हाय."

मला हे माहीत नव्हतं. 

तो माणूस शिडीवरून खाली आला होता. ती त्याच्याकडं वळली. "पावणं, ह्याचा ल्हान फोटो मिळंल काय? भिंतीला लावायजोगा?"

"चिक्कव्वा, मी देते की," मी म्हटलं. "माझा ओरिजिनल हाय. मोठा करून, फ्रेम करून देते."

"तुझा हाय की घरात. मला ह्यो पायजे."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तो आम्हाला दुकानात घेऊन गेला, चिक्कव्वाला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवर फाईल उघडली. स्क्रीनवर साहेब आणि ती, दोघं आले. त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "साहेबांसकट काढू काय मावशी?"

"साहेब कशाला? काप त्यांना," चिक्कव्वा म्हणाली. "कपाळ तेवढं नीट येऊ दे."